रिपोर्ट नॉर्मल, मग पेपरच्या दिवशीच पोट का बिघडतं?

प्रश्न: डॉक्टर, मी पुण्यात राहून एमपीएससीची तयारी करतेय. पेपरच्या दिवशी सकाळपासून पोटात गोळा येतो, सारखं टॉयलेटला पळावं लागतं, हात गार, तोंडाला कोरड, छातीत धडधड. रक्ताचे, थायरॉइडचे रिपोर्ट नॉर्मल आले. घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत, उगाच बाऊ करू नकोस. खरंच तसं आहे का?

उत्तर: नाही गं, अजिबात नाही. सुरुवात धास्तीने होते हे खरं, पण पुढचं सगळं शरीरात खरोखर घडतं. धोका जिवाचा आहे की मार्कांचा, यात मेंदू फार फरक करत नाही. त्याने इशारा दिला की काही सेकंदांत किडनीच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रेनल ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, ठोके वाढतात, लिव्हर साखर रक्तात ओततं, आणि कातडीकडचं रक्त स्नायूंकडे वळतं म्हणून तुझे हात गार पडतात. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं दुसरं हार्मोन, मागाहून येतं, त्याला टिपेला जायला वीसेक मिनिटं तरी लागतात, त्यामुळे पेपर हातात पडल्यावरही अंग लगेच निवत नाही.

आता पोट. १८९५ला एक्स-रे सापडले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी मांजरांना बिस्मथ (एक्स-रेत उठून दिसणारा पदार्थ) मिसळलेलं खाणं देऊन त्यांचं जठर एक्स-रेखाली बघितलं, तर मांजर चिडलं-घाबरलं की जठराची हालचाल थांबायची, शांत झालं की परत सुरू. ताणात जठर असं मंदावतं, म्हणून खाल्लेलं तसंच बसून राहतं आणि मळमळतं, पण मोठं आतडं मात्र उलट जोरात चालायला लागतं, म्हणून तुझी ती पळापळ. दोन्ही एकाच वेळी! घरच्यांना हे वाचून दाखव, कारण मुलीला खरा त्रास होत असताना त्याला खेळ म्हणणं मला अजिबात पटत नाही. आणि रिपोर्ट नॉर्मल येणारच, हा काही थायरॉइडचा बिघाड नाही.

त्या सकाळी चहा-कॉफी कमी कर, कॅफिनने आतड्याची हालचाल आणि ठोके दोन्ही अजून वाढू शकतात. नाश्ता हलका, पण उपाशी जाऊ नकोस. हॉलबाहेर उभी असताना श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव, घेताना मनात चार आकडे आणि सोडताना सहा-सात, श्वास सोडताना व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूतून हृदयाकडे आणि पोटाकडे जाणारी नस, ठोके हळू करते. याची सवय रोज अभ्यासाला बसताना करायची, एकदम पेपरच्या दिवशी करून जमत नाही.

पण शौचातून रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल, पोटामुळे रात्री झोपेतून उठावं लागत असेल किंवा जिना चढताना छातीत दुखत असेल तर ते ताणावर ढकलू नकोस, परीक्षा होऊ दे मग बघू असंही नको, लगेच डॉक्टरकडे जा.