हिंजवडीत नुकताच टीम लीड झालोय. 'कडक साहेब' असल्याचा आव न आणता, आहे तसा राहून टीम कशी सांभाळू?

आधी तुम्हाला वाटणारे तुम्ही आणि टीमला दिसणारे तुम्ही यांतलं अंतर मोजा, मग एकच सवय बदला. मोजायला 'जोहरी खिडकी' (Johari window) पुरते: एका यादीतून तुमचं वर्णन करणारे शब्द तुम्ही निवडता, इतरही निवडतात, मग दोन्ही ताडून बघायचे. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या मानसशास्त्रज्ञांनी ती १९५५ साली मांडली. नाव 'जो' आणि 'हॅरी'वरून आलंय, जवाहिऱ्याशी संबंध नाही. यासाठी नेहमी वापरतात त्या यादीत ५६ विशेषणं आहेत.

- स्वतःसाठी ५-६ निवडा, कागद बाजूला ठेवा.
- टीममधल्या पाच-सहा जणांना तुमच्यासाठी तेवढीच निवडायला सांगा. गूगल फॉर्मवर, ईमेलची नोंद बंद करून. नाहीतर सगळे 'हुशार'वर टिक करतील.

त्यांनी निवडलेले पण तुम्ही न निवडलेले शब्द म्हणजे तुमची आंधळी बाजू. उलटंही बघा. तुम्ही 'विश्वासू' निवडलंत आणि दुसऱ्या कुणीच नाही, तर बहुधा रजा मागितली की तुम्ही 'बघू' म्हणता आणि तो विषय तिथेच राहतो. 'बघू'ऐवजी 'गुरुवारी चारपर्यंत सांगतो' म्हणा, आणि सांगाच. चार आठवडे एवढंच.

यादीतले बहुतेक शब्द सौम्य आहेत, त्यामुळे खरी तक्रार त्यात उमटत नाही. म्हणून शेवटी एक मोकळा प्रश्न ठेवा: 'मी काय करणं थांबवावं?' अप्रेझलच्या महिन्यात मात्र हे नको, उत्तरं घाबरूनच येतात. आणि 'मी असाच, तोंडावर बोलणारा' हा पुणेरी बाणा म्हणजे आहे तसं राहणं नव्हे. बऱ्याचदा तोही आवच असतो.