चिपळूण ते पुणे, हवेतून: बारावीच्या विद्यार्थ्याला उत्तर

पत्र

मॅडम, मी चिपळूणला बारावी सायन्सला आहे. बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दोनेक वर्षांपासून मी उडत्या गाड्यांचे, ईव्हीटॉलचे (विजेवर चालणाऱ्या, जागच्या जागी उभं उठणाऱ्या वाहनांचे) व्हिडिओ बघतोय. ताई पुण्यात असते. तिच्याकडे जायला एसटीने अर्धा दिवस जातो, आणि नकाशावर सरळ रेष मारली तर अंतर सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही. मला वाटतं, वीस वर्षांत लोक स्वतःच्या छोट्या विमानाने रोज ये-जा करतील. मला त्याच क्षेत्रात जायचंय. एका खासगी विद्यापीठाने 'अर्बन एअर मोबिलिटी' (शहरातली हवाई वाहतूक) नावाचं बीटेक सुरू केलंय, फी वर्षाला साडेचार लाख. काका म्हणतात, एवढे पैसे घालायचेच तर जमीन विकून पायलटच हो. बाबा काहीच म्हणत नाहीत. काय करू?
— सुयश

उत्तर

प्रिय सुयश,

आधी तुला चिपळूणहून पुण्याला उडवून आणते, मग करिअरचं बोलू.

विजेवर चालणारं, रीतसर प्रमाणपत्र मिळालेलं छोटं विमान आज आहे. स्लोव्हेनियातल्या पिपिस्ट्रेल कंपनीचं वेलिस इलेक्ट्रो, दोन सीटचं. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने त्याला २०२० मध्ये प्रमाणपत्र दिलं. विजेवरच्या विमानाला मिळालेलं ते जगातलं पहिलं. एका चार्जिंगमध्ये ते साधारण ५० मिनिटं उडतं, वर थोडा राखीव साठा. वेग ताशी दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर. म्हणजे कागदावर तू पाऊण तासात ताईकडे.

पण उडणार कुठून? चिपळूणला धावपट्टी नाही. जवळची रत्नागिरीची, ती तटरक्षक दलाची. म्हणजे पुण्याला जायला आधी नव्वद किलोमीटर उलट दिशेला एसटीने जायचं. उतरणार कुठे? पुण्याचा लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचा तळ आहे, तिथे एअरलाइन्सनासुद्धा हवाई दलाच्या वेळा सांभाळून घ्याव्या लागतात. आणि जुलैत काय करणार? कुंभार्ली घाटात भरदिवसा दिवे लावूनही पुढची गाडी दिसत नाही, ते ढग तू लहानपणापासून बघतोयस. छोटं विमान चालवणारा खासगी वैमानिक मुख्यतः डोळ्यांनी बघत उडतो. ढगात शिरायचं तर वेगळं प्रशिक्षण लागतं आणि तशी उपकरणं असलेलं विमान लागतं. जून ते सप्टेंबर सह्याद्रीवर ढग ठाण मांडून बसतात, तेवढे चार महिने तुझं विमान बहुतेक ताडपत्रीखालीच. एसटी उशिरा का होईना, पण पावसात येते.

तू म्हणशील, म्हणूनच तर ईव्हीटॉल, जागच्या जागी उभं उठणारं. धावपट्टीचा प्रश्न त्याने सुटतो हे खरं, पण त्याची किंमत बॅटरी मोजते. पुढे जाणाऱ्या विमानाला पंख उचलून धरतात, मोटरने फक्त पुढे ओढायचं असतं. उभं उठताना आणि तरंगताना सगळंच्या सगळं वजन मोटरांवर येतं, आणि त्याला सरळ उडण्याच्या कितीतरी पट शक्ती लागते. एक किलो विमान-इंधनात सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते. चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये किलोमागे २५० ते ३००. इंजिन त्यातली निम्म्याहून जास्त उष्णतेत घालवतं आणि मोटर जवळजवळ सगळी वापरते, हे धरूनही फरक दहापटीच्या वर उरतो. शिवाय इंधन जळतं तसं विमान हलकं होत जातं. बॅटरी उतरली तरी वजन तेवढंच.

जेट्सन वन तू नक्की पाहिली असशील. एका माणसाची उडती गाडी, ८६ किलोची, उड्डाण सुमारे वीस मिनिटांचं. वीस मिनिटांत तू जेमतेम घाटमाथा गाठशील, आणि खाली उतरायला कोयनेचं जंगल. अमेरिकेत अशी वाहनं विनापरवाना उडवता येतात याचं तुम्हा मुलांना फार कौतुक असतं. पण ज्या १९८२ च्या नियमाखाली ती उडतात तो नीट वाच: एकच सीट, रिकामं वजन ११५ किलोच्या आत, दिवसाउजेडी, आणि दाट वस्तीवरून उडायचं नाही. म्हणजे सकाळी उठून शहरातल्या ऑफिसला जाणं हेच नेमकं त्यात बसत नाही. रविवारी शेतावरून चक्कर मारायची सोय आहे ती.

घरोघरी विमान ही घोषणा शंभर वर्षं जुनी आहे. हेन्री फोर्डने १९२६ मध्ये एका सीटचं 'फ्लिव्हर' विमान पुढे आणलं. १९२८ मध्ये ते उडवताना फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ वैमानिक हॅरी ब्रुक्स गेला, आणि फोर्डने तो नाद सोडला. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत सगळ्यांना वाटलं, युद्धातून परतलेले हजारो वैमानिक आता स्वतःची विमानं घेतील. एर्कूप नावाचं सोपं विमान तर मेसीज या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये कपड्यालत्त्यासोबत विकायला ठेवलं होतं. १९४६ या एका वर्षात तिथे तीस हजारांहून जास्त छोटी विमानं तयार झाली. पुढच्याच वर्षी तो आकडा निम्म्याहून खाली कोसळला. विमानं वाईट नव्हती. पण हवा बिघडली की घरी बसावं लागायचं, विमानतळ घरापासून लांब, तिथून पुढे पुन्हा गाडी लागायची, आणि देखभालीचा खर्च. रस्त्यावर धावणारी आणि पंख लावून उडणारी एरोकार १९५६ मध्ये प्रमाणपत्र मिळवूनही सगळ्या मिळून सहाच बनल्या. फ्लोरिडात स्प्रूस क्रीकसारख्या वसाहती आहेत, जिथे बंगल्याला लागून हँगर असतो आणि माणसं घरातून विमान काढून धावपट्टीवर जातात. पण त्यासाठी आख्खी वसाहत धावपट्टीभोवती बांधावी लागली.

आजचा डावही तुला माहीत हवा, कारण व्हिडिओत तो अर्धाच दिसतो. जर्मनीच्या व्होलोकॉप्टरला २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवासी न्यायचे होते. प्रमाणपत्र वेळेत मिळालं नाही, आणि त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथलीच दुसरी कंपनी लिलियम त्याआधी दोनच महिने त्या रांगेत गेली होती. गूगलच्या लॅरी पेजचा पैसा असलेली किटी हॉक २०२२ मध्ये बंद झाली. दुसऱ्या बाजूला चीनच्या ईहँगच्या दोन सीटच्या, वैमानिक नसलेल्या वाहनाला २०२३ मध्ये तिथल्या सरकारने प्रमाणपत्र दिलं. त्याची सुरुवात पर्यटकांच्या फेऱ्यांपासून आहे. आपल्याकडे आयआयटी मद्रासमध्ये जन्मलेली ईप्लेन आहे, बंगळूरची सरला एव्हिएशन आहे (हे नाव सुरुवातीच्या भारतीय महिला वैमानिकांपैकी एक, सरला ठकराल यांच्यावरून). इंडिगोची मूळ कंपनी इंटरग्लोब आणि अमेरिकेची ईव्हीटॉल कंपनी आर्चर यांनी २०२३ मध्ये जाहीर केलं होतं, की २०२६ मध्ये दिल्लीच्या कॅनॉट प्लेसहून गुरुग्रामला सात मिनिटांत नेऊ. अशा घोषणेवर शेअरवाल्यांनी पैसे लावावेत. तू वयाची चार वर्षं लावू नकोस.

माझा अंदाज सांगते, आणि तो अंदाजच आहे: वीस वर्षांत ही वाहनं असतील. विमानतळ ते शहर, रुग्णवाहिका, बेटं, समुद्रातले तेलफलाट, लष्कर इथे ती दिसतील. तुझ्या अंगणात मात्र नसतील. आणि करिअरच्या दृष्टीने अंगणात असणं गरजेचंही नाही. वाहन कुणाच्याही मालकीचं असो, ते बनवायला, तपासायला आणि सुरक्षित आहे हे सिद्ध करायला माणसं लागतातच.

यातलं शेवटचं काम सर्वांत कमी दिसतं आणि सर्वांत जास्त वेळ खातं. शहरावरून प्रवासी नेणाऱ्या अशा वाहनासाठी युरोपची अट आहे, की बिघाडाने विमान कोसळण्याची शक्यता अब्ज उड्डाण-तासांत एकदा, एवढीच असावी. हे करून दाखवता येत नाही, कारण अब्ज तास कुणीच उडवणार नाही. ते गणिताने, चाचण्यांनी आणि कागदाने सिद्ध करावं लागतं. अमोल यादव हे नाव तुला माहीत असेल. जेट एअरवेजच्या या वैमानिकाने कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात बीकेसीत मांडलं. सगळे गच्चीचीच गोष्ट सांगतात. मी मुलांना पुढची सांगते: नोंदणीसाठी त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं, ती २०१७ मध्ये मिळाली आणि मग धुळ्याला चाचण्या. प्रमाणपत्राची भाषा जाणणारे इंजिनिअर आपल्याकडे थोडे आहेत. मला विचारशील तर जागा तिथे आहे.

आता काकांचं. एअरलाइनचा पायलट होणं हा चांगला मार्ग आहे, पण तो तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. कमर्शियल परवान्याला किमान २०० तास उड्डाण लागतं, खर्च पन्नास लाखांच्या आसपास सुरू होऊन बराच वर जातो, आणि परवाना हातात आला म्हणजे नोकरी आली असं नाही. उडत्या टॅक्सीचा पायलट होण्यासाठी म्हणून तर जमिनीला हातही लावू नका. चार प्रवाशांच्या वाहनात पायलटची सीट म्हणजे एका तिकिटाचं नुकसान, म्हणून कंपन्यांची नजर पायलट काढून टाकण्यावर आहे. बोइंगची विस्क तर सुरुवातच वैमानिकाशिवाय करू पाहते. तरीही मनात उडण्याचीच ओढ असेल, तर आधी डीजीसीएच्या (विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू मेडिकल करून घे. काही हजारांत कळेल, की डोळे आणि कान या वाटेवर चालू देतात का. जमिनीचा विषय त्यानंतर. आणि हडपसरला डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे, ताईकडे जाशील तेव्हा तिथे चौकशी करून ये.

त्या बीटेकबद्दल माझं मत वाईट आहे. चार वर्षांचे अठरा लाख, वसतिगृह वेगळं, आणि पदवीवर अशा धंद्याचं नाव ज्यातल्या दोन मोठ्या कंपन्या एकाच हिवाळ्यात बुडाल्या. नोकरी देणारा माणूस पदवीचं नाव वाचतो. इलेक्ट्रिकल म्हटलं की त्याला कळतं तुला काय येतं. त्या नावावरून कळणार नाही.

बाबा काही बोलत नाहीत म्हणतोस. पण त्या दुकानात तू जे बघत मोठा झालास, तेच या वाहनाचं काळीज आहे. मोटर का जळते? कॉइल तापते, इन्सुलेशन उडतं, वाइंडिंग शॉर्ट होते. एफ क्लास इन्सुलेशन १५५ अंशांपर्यंत तग धरतं, एच क्लास १८० पर्यंत, हे बाबांना तोंडपाठ असेल. ईव्हीटॉलच्या मोटरसमोर हाच प्रश्न जास्त तिखट होऊन येतो: वजन कमी, व्होल्टेज जास्त, उठताना पूर्ण जोर, आणि उंचीवर हवा विरळ असल्याने इन्सुलेशनवरचा ताण आणखी वाढतो. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून मोटर तपासणं हे इंजिनिअरिंगच्या पुष्कळ मुलांना तिसऱ्या वर्षीही जमत नाही. तुला येत नसेल तर या सुट्टीत बाबांकडून शीक. ते आपणहून सांगणार नाहीत, कारण दुकानाचा आणि विमानाचा काही संबंध आहे असं त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. हे पत्र त्यांना वाचायला दे.

तेव्हा माझा सल्ला: सीईटी मन लावून दे आणि इलेक्ट्रिकल घे. मार्क भरपूर आले तर पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय, नाहीतर सांगलीचं वालचंद, आणि घाट ओलांडला की कराडचं शासकीय कॉलेज आहेच. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड निघाली तर आयआयटीचं एरोस्पेस जरूर घे, तिथे पदवीचं वजन वेगळं. कॉलेजात गेल्यावर एसएई इंडियाच्या एअरो डिझाइन स्पर्धेच्या टीममध्ये शिर. तिथे रेडिओ कंट्रोलचं विमान खरंच उडवून दाखवावं लागतं. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि कंट्रोल सिस्टिम या दोन विषयांत काटकसर नको. मग गेट देऊन एरोस्पेसमध्ये एमटेक करता येतं. बंगळूरची एनएएल ही सरकारी प्रयोगशाळा हंसा या प्रशिक्षण विमानाची विजेवरची आवृत्ती करते आहे, नाशिकजवळ ओझरला एचएएल ही सरकारी कंपनी तेजस हे लढाऊ विमान बांधते. उडत्या टॅक्सी आल्या नाहीत तरी इलेक्ट्रिकलवाल्याला रेल्वे, ईव्ही, महावितरण कुठेही जागा आहे. याच पदवीवर पुढे विमानतळ प्राधिकरणाची एअर ट्रॅफिक कंट्रोलची परीक्षाही देता येते. आकाशात वाहनं वाढली तर वाट दाखवणाराही वाढावा लागेल, पण तो विषय पदवीनंतरचा.

तरीही त्या विद्यापीठाची भूल उतरत नसेल, तर त्यांना ईमेलने विचार: एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) मान्यतेत या शाखेचं नाव नेमकं काय आहे, शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष विमान कंपनीत काम केलंय, प्रयोगशाळेत मोटर टेस्ट बेंच आहे का, आणि पहिली बॅच बाहेर पडली असेल तर ती कुठे लागली. फोनवर उत्तर देतो म्हणाले तर लेखीच मागायचं. आलेलं उत्तर आणि कॅप राउंडसाठी (सरकारी प्रवेश फेरीसाठी) तुझी कॉलेजांची यादी, दोन्ही मला पाठव. ऑप्शन फॉर्म भरण्याआधी मी बघून देते.