दुसरं वाचन

प्रिय बाय,

तुझा मेसेज वाचला. २५ जानेवारीला चर्चमधल्या रविवारच्या मिस्साला बायबलमधलं दुसरं वाचन तुझ्या वाट्याला आलंय आणि तुझी सगळ्यात मोठी काळजी काय, तर 'ळ'. आपल्या कोळीवाड्यात जाळ्याला जालं म्हणतात, पाण्याला पानी. माइकवर तसं काही तोंडून गेलं तर पुढच्या बाकावरची पोरं हसतील.

अगं, तुझ्या वाचनात जाळं येतच नाही. ते शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या गोष्टीत येतं आणि शुभवर्तमान फादर वाचतात. बाकी 'ळ'चा सराव जरूर कर, कारण शेवटच्या बाकावरच्या म्हातारीला शब्द कळायला हवा. पण बातम्या दिल्यासारखा आवाज काढू नकोस. संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचाच. जपानात फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांना तो हवा होता, कारण त्याला तिथल्या लोकांची भाषा बोलता येत होती. पाद्री नव्हता, साधा ब्रदर. १५९७ साली नागासाकीला २५ जणांबरोबर क्रुसावर गेला. पुढच्या महिन्यात त्याचा सण आहे, तेव्हा त्याच्याकडेच माग जिभेसाठी.

आता कामाचं. पुस्तकातली लाल अक्षरं वाचायची नसतात. 'दुसरे वाचन' हे शब्दही नाहीत आणि वर छापलेली सारांशाची ओळही नाही. सरळ 'पौलाच्या पहिल्या पत्रातून' इथपासून सुरू. ख्लोए, अपुल्लोस, केफा ही तीन नावं मोठ्याने वीस-वीस वेळा म्हण. केफा म्हणजे आपला पेत्रच. वाचन मोबाइलवर नको, पुस्तकातून कर, आणि मंगळवारपासून रोज एकदा वाच. शनिवारी रात्री पहिल्यांदा उघडणारे वाचक मला ओळखू येतात. पूर्णविरामाला ते दचकतात.

मी लहान असताना मिस्सा लॅटिनमध्ये असायची. फादरांची पाठ आमच्याकडे आणि आजीच्या हातात माळ. तिकडे काय चाललंय ते चालू दे, ही आपली जपमाळ ओढतेय. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज काढला आणि बायबलचं भांडार लोकांसाठी अधिक मोकळं करा असं सांगितलं. त्यातूनच रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र आलं: एक वर्ष मत्तयचं शुभवर्तमान, एक मार्कचं, एक लूकचं, आणि योहानचं मुख्यतः पुनरुत्थानकाळात. यंदा मत्तयचं वर्ष. आजी चर्चला शेवटपर्यंत देऊळच म्हणायची. तिने पहिल्यांदा मराठीत वाचन ऐकलं आणि बाहेर येऊन चपला शोधता शोधता म्हणाली, "इतकी वर्षं हे असं लिहिलेलं होतं होय?" तिच्या आवाजात थोडा रागच होता. तुझी आई, मावशी कधीपासून वाचतायत, पण वाचकपदावर स्त्रियांची रीतसर नेमणूक करायची मुभा पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली दिली. आणि तुझा हा रविवार त्यांनीच २०१९ मध्ये देवशब्दाचा रविवार म्हणून नेमून दिलेला. म्हणजे दिवस तुला चांगला मिळालाय.

वाचन मात्र सोपं नाही. करिंथ हे बंदराचं शहर, तुझ्या वाचनातलं पत्र तिथल्या मंडळीलाच लिहिलेलं. प्रेषित पौल तिथे दीड वर्ष राहिला होता. तो गेल्यावर तिथल्या मंडळीत गट पडले. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी अपुल्लोसचा, कोणी केफाचा. काही त्याहून शहाणे, ते म्हणत आम्ही ख्रिस्ताचे! ही बातमी पौलाला ख्लोएच्या घरच्यांनी दिली. तो चिडून विचारतो, ख्रिस्ताचे तुकडे झालेत काय? मधली तीन वचनं वाचनातून गाळली आहेत, ती घरी बायबल उघडून बघ. बरं झालं मी तुमच्यात फारशा कोणाला बाप्तिस्मा दिला नाही, असं तो म्हणतो. दोन नावं घेतो, मग त्याला स्तेफनाचं घर आठवतं, आणि आणखी कोणी असेल तर लक्षात नाही म्हणून सांगतो. देवाच्या शब्दात 'आठवत नाही' लिहिलेलं सापडलं, तेव्हा मला पौल पहिल्यांदा जवळचा वाटला.

मला ग्रीक येत नाही. पण एका शिबिरात फादरांनी फळ्यावर दोन शब्द लिहून दाखवले होते, ते विसरलो नाही. तुझ्या वाचनात 'फूट' असं ज्याला म्हटलंय तो शब्द स्खिस्मा, म्हणजे कापड फाटतं तशी फाट. आणि 'एकमताचे व्हा' असं पौल म्हणतो तिथे मुळात जे क्रियापद आहे, तेच शुभवर्तमानात याकोब आणि योहान होडीत बापाबरोबर जाळी नीट करत बसलेले असतात तिथे आहे. कतार्तिझो. एकाच मिस्सात दोन्ही. फादरांनी त्या दिवशी शुभवर्तमान थोडक्यात घेतलं तर ती होडी येणारच नाही, म्हणून आधीच विचारून ठेव. पूर्ण वाचा म्हणावं, काकांनी सांगितलंय.

हे तुला एवढं का लिहितोय ते तुला कळलं असेल. आपल्या धर्मग्रामात आधीच्या फादरांची माणसं आणि आताच्या फादरांची माणसं असे दोन तट पडलेत, आणि नाताळच्या गोठ्यावरून युवक मंडळात जे झालं ते मला तुझ्या आईकडून कळलं. ख्लोएचं घर समज. कोणाचं बरोबर होतं ते मी विचारणार नाही. माझं मत आहे, पण ते मी लिहीत नाही.

माझं स्वतःचं मात्र सांगतो. इंजिनाच्या हिशेबावरून मी आणि माझा थोरला भाऊ सात वर्षं बोललो नाही. त्या सात वर्षांत मी दर महिन्याला वाचन केलं, आणि चांगलं केलं, लोक थांबवून सांगायचे. एका लग्नात मला प्रीतीचा अध्याय वाचायला दिला. 'प्रीती सहनशील आहे' म्हणालो आणि समोर तिसऱ्या बाकावर भाऊ. तो उठला नाही, हसला नाही. नुसता बघत राहिला. माझा आवाज मला परका वाटला, कोणीतरी दुसराच बोलतोय असा.

तरीही मी लगेच गेलो नाही. खोटं कशाला लिहू? जून उजाडला, बंदी लागली, होड्या वर ओढल्या, आणि एका दुपारी पावसात तो ताडपत्रीखाली जाळं घेऊन बसलेला दिसला. मी जाऊन बसलो. मला वाटलं होतं माफी मागायची, दोन वाक्यं ठरवून गेलो होतो. त्याने जाळ्याचं एक टोक माझ्याकडे सरकवलं. तुला माहीत आहे, फाटलेलं जाळं लगेच सांधत नाहीत. आधी कुजलेली, तुटकी दोरी कापून काढावी लागते, भोक अगोदर मोठं होतं. आम्ही तासभर तेच करत होतो. मग तो म्हणाला, "तुझी गाठ सैल पडते. ओढ." सात वर्षांनंतरचं पहिलं वाक्य ते. हिशेब नंतर झाला, त्यालाही दोन पावसाळे गेले, आणि अजूनही एक आकडा आम्हाला जुळत नाही.

तुमच्या मंडळात कोण कोणाशी बोलत नाही याची यादी मी करणार नाही. पण त्या दिवशीचं पहिलं वाचन कोणाकडे आहे ते मी फलकावर बघितलं. यशयाचं आहे, त्यात जबुलून आणि नफताली आहेत, आणि तिचं 'फ'चं काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. नावं ऐकून सांगायला कोणीतरी लागेल तिला.

शनिवारी रोझरीनंतर इकडे ये, दोनदा वाचून दाखव. तिलाही विचारून बघ. नाही म्हणाली तर एकटी ये, पण विचार. मागच्या अंगणात वलांडीवर बोंबील वाळतायत, वास येईल, त्याची तयारी ठेव. आणि माइक तुझ्या उंचीला जास्त वर आहे. रविवारी दहा मिनिटं आधी जाऊन खाली करून घे.

तुझा,
काका