टीममधला सगळ्यात हुशार माणूस आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागतोय, द्यावं का?

द्या. आणि ‘बघू’ म्हणत महिनाभर लटकवू नका, तेवढ्यात तो दुसरीकडे मुलाखती देऊन मोकळा होईल.

काम ढिलं पडेल ही भीती सगळ्यांनाच असते. ट्रिप डॉट कॉम या चिनी प्रवास-बुकिंग कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर याचा प्रयोग झाला. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापले. दोन दिवस घरून काम केल्याने कामाच्या मूल्यमापनात किंवा बढत्यांमध्ये फरक पडला नाही. नोकरी सोडून जाणारे मात्र एक तृतीयांशाने घटले.

खरी अडचण साहेबाच्या स्वभावाची. माझ्या टीममध्ये एक मुलगी होती, कोडिंगमध्ये तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी दर तासाला विचारायचो, ‘कुठवर आलं?’ शेवटी तीच म्हणाली, “सर, तुम्हाला उत्तरं देण्यातच अर्धा दिवस जातो.” तेव्हापासून सोमवारी काय हवं ते ठरवतो आणि गुरुवारी बघतो. मधे चॅटवरचा हिरवा ठिपका तपासत बसत नाही (सवय सुटायला वेळ लागला, खोटं कशाला बोलू).

सवलत एकट्यालाच देऊ नका, बाकीचे मनात ठेवतात. आणि ऑफिसचे दिवस सगळ्यांचे एकच ठेवा, नाहीतर जो तो ऑफिसात येऊन हेडफोन लावून व्हिडिओ कॉलवरच बसतो.