‘डिसरिप्यूट’ कुठे बसतो, कुठे नाही

क्रिकेटच्या बातमीत ‘ब्रॉट द गेम इनटू डिसरिप्यूट’ असे वाचले. याचा नेमका अर्थ काय? (एक वाचक, सांगली)

आपल्या वागण्याने खेळाची पत घालवली, खेळाच्या नावाला बट्टा लावला. २०१८ च्या केपटाउन कसोटीत सँडपेपरने चेंडू घासल्याचे उघड झाले. स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नर यांच्यावर ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने १२ महिन्यांची बंदी घातली, कॅमेरॉन बॅनक्रॉफ्टवर ९ महिन्यांची. आरोपपत्रात हे शब्द होते. करणारे तिघे, पण नाव गेले खेळाचे. हा शब्द शोभतो तो अशाच ठिकाणी: खेळ, पेशा, न्यायसंस्था, म्हणजे लोकांच्या विश्वासावर उभ्या असलेल्या गोष्टींबाबत.

कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेतले कलम २४(२) पाहा. कुणाचे हक्क मोडून मिळवलेला पुरावा ग्राह्य धरल्याने न्यायदानाचीच पत जाणार असेल, तर तो वगळावा, असे ते सांगते. तिथे ‘डिसरिप्यूट’ हीच न्यायाधीशांपुढची कसोटी आहे. या शब्दाचे वजन कळायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

शेजाऱ्याने माझ्याविषयी खोटेनाटे पसरवले. तक्रारीत हाच शब्द लिहू का? (एक वाचक, लातूर)

नको. तिथे ‘डिफेमेशन’ लिहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही तोच शब्द आहे. मराठीत दोन्हींना ‘बदनामी’ म्हणून भागते, म्हणून ही गल्लत होते. दुसऱ्याने बोलून किंवा लिहून तुमच्या अब्रूला धक्का लावला, तर डिफेमेशन. वागण्याने किंवा काळाच्या ओघात पत गेली, तर डिसरिप्यूट.

‘काळाच्या ओघात’ म्हणजे कसे? आणि ‘कुप्रसिद्ध’ला हा शब्द चालेल का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

एकोणिसाव्या शतकात फ्रेनॉलॉजी, म्हणजे कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगण्याची विद्या, युरोप-अमेरिकेत जोरात होती. पुढे तिच्यावरचा विश्वास उडाला. इंग्रजीत म्हणतात, ‘इट फेल इनटू डिसरिप्यूट’. ‘कुप्रसिद्ध’ला मात्र ‘नटोरियस’ घ्या. त्यात गाजणे आहे. डिसरिप्यूटमध्ये गाजावाजा नसला तरी चालतो, पत गेलेली असली की पुरे.

उच्चार कसा करावा? (एक शिक्षक, चिपळूण)

नाम ‘डिस्-रि-प्यूट’, जोर शेवटच्या अवयवावर. विशेषण मात्र ‘डिस्-रेप्-युटबल’, जोर ‘रेप्’वर, ‘डिसरिप्यूटेबल’ म्हणू नका. नामाला अनेकवचन नाही, आधी ‘अ’ (a) हे उपपदही लागत नाही.