ऑफिसात कोणती केबल ओढावी?

प्रश्न : आमचं बारा जणांचं ऑफिस नव्या जागेत जातंय. छत अजून उघडं आहे, तोवर नेटवर्कच्या केबल ओढून घ्यायच्यात. एक कंत्राटदार म्हणतो कॅट-५ई ('कॅट' म्हणजे केबलची श्रेणी) पुरे, दुसरा म्हणतो घ्यायची तर कॅट-७च. स्विचपासून (ज्या डब्यातून सगळ्या केबल निघतात) सगळ्यात लांबचं टेबल ३५ मीटरवर आहे. काय करावं?

उत्तर : कॅट-६ घ्या, आणि शुद्ध तांब्याची घ्या. यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं.

पहिला कंत्राटदार खोटं बोलत नाही. कॅट-५ईवरून १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट, म्हणजे हजार मेगाबिट, आरामात जातं. पण ओढायची मेहनत दोन्हीला तेवढीच, आणि छत बंद झाल्यावर ते पुन्हा कोण उघडणार? कॅट-६वर पुढेमागे दहा गिगाबिटही चालेल : साधारण ५५ मीटरपर्यंत, केबल दाटीनं एकत्र बांधल्या असतील तर ३७. तुमचे ३५ त्यातही बसतात. कॅट-७चा आग्रह मला कळत नाही. तिचा कनेक्टर मुळात वेगळा. लोक तिला नेहमीचा आरजे-४५ प्लग लावतात आणि शील्डचं, म्हणजे तारांवरच्या धातूच्या आवरणाचं, अर्थिंग विसरतात. नादी लागू नका.

आता तांबं. खोक्यावर बारीक अक्षरांत 'सीसीए' दिसलं की खोकं परत. आत अ‍ॅल्युमिनियम, वर तांब्याचा नुसता मुलामा. मी वीतभर तुकडा कापतो, एक तार ब्लेडनं खरवडतो. आतून पांढरी निघाली की विषय संपला. तिचा रोध जास्त, म्हणून केबलवरूनच वीज घेणारे कॅमेरे किंवा वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट जोडले की ती तापते. शिवाय दोन-चारदा वाकवली की तुटते.

तरी खरा घोळ टोकाला होतो. एका ऑफिसात हिशेबाच्या टेबलावरचं नेट रेंगाळायचं. केबल नवी, स्विच नवा. मी तासभर स्विचलाच शिव्या घालत बसलो. शेवटी जॅक (भिंतीवरचं सॉकेट) उघडला, तर केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी तपकिरी जोडीतली एक तार पंचच झाली नव्हती, म्हणजे खाचेत दाबून बसलीच नव्हती, नुसती टेकलेली. शंभर मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. म्हणून नेट बंद न पडता गुपचूप शंभरावर उतरलं होतं. बंद पडलं असतं तर त्याच दिवशी सापडलं असतं! शेजारच्या जॅकमध्ये जोड्यांचा पीळ चांगला दोन बोटं उलगडलेला. एका जोडीतला सिग्नल दुसरीत शिरू नये म्हणून तर तो पीळ असतो. १३ मिलिमीटरच्या पुढे उलगडू देऊ नका, जितका कमी तितका बरा.

बाकी, भिंतीतून सॉलिड केबल (जिची प्रत्येक तार एकसंध असते), एका टोकाला पॅच पॅनल (स्विचजवळची सॉकेटची पट्टी), दुसऱ्याला जॅक, आणि टेबलापर्यंत तयार पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी केबल). विजेच्या वायरींसोबत एकाच पाइपात घालू नका. टेबलागणिक दोन केबल ओढा, छतात अ‍ॅक्सेस पॉइंटसाठी एखादी जास्तीची. तारा जोडायचे दोन ठरलेले रंगक्रम असतात, ए घ्या की बी, पण सगळीकडे एकच. दोन्ही टोकांना तोच नंबर लिहून घ्या. हे काम लोक उद्यावर ढकलतात आणि मग वर्षभर केबल हलवून शोधतात.

पैसे देण्याआधी प्रत्येक केबल टेस्टरवर लावून आठही तारांचे दिवे क्रमानं लागताना स्वतः पाहा. कंत्राटदार 'सात लागले ना, चालतंय' म्हणाला, तर बिल अडवा.