त्या प्लेट्स फेकू नकोस

प्रिय,

काहीही न टाकलेल्या कंट्रोलमधल्या पेशीही भराभर वाढल्या, म्हणून तू सगळ्या प्लेट्स ब्लीचमध्ये टाकायला निघाली आहेस असं कळलं. थांब. पीएचडीला असताना मीही दोनदा हेच केलं आणि वहीत ‘कंटॅमिनेशन’ एवढंच लिहून मोकळी झाले. आजही त्याची चुटपुट आहे.

बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन हे संशोधक तुझ्याच एमसीएफ-७ पेशी, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी, वाढवत होते. सीरममधलं (पेशींना घालतात त्या रक्तद्रवातलं) हार्मोन चारकोलने काढून टाकलेलं, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर पोसणाऱ्या या पेशी गप्प बसायला हव्यात. तरी त्या वाढत राहिल्या. महिनोन् महिने एकेक वस्तू बदलून पाहिल्यावर चोर सापडला सेंट्रिफ्यूज ट्यूबमध्ये. तिच्या प्लास्टिकमधून नोनिलफेनॉल नावाचं रसायन पाझरत होतं. १९९१ साली त्यांनी हे छापलं.

नोनिलफेनॉलच्या एका टोकाला फेनॉलचं कडं असतं, इस्ट्राडिऑलच्या, म्हणजे शरीरातल्या मुख्य इस्ट्रोजेनच्या, पहिल्या कड्याची आठवण करून देणारं. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, म्हणजे पेशीतलं हे हार्मोन धरणारं प्रथिन, त्याला घरचं समजून धरतो, मग डीएनएवर जाऊन बसतो, जनुकं चालू होतात आणि पेशी विभाजनाला लागते. खऱ्या हार्मोनपुढे ही पकड फारच सैल, पण ट्यूबमधून झिरपलेलं तेवढ्याला पुरलं.

आनुवंशिकशास्त्रज्ञ पॅट्रिशिया हंट यांचा अनुभव तर याहून विचित्र. १९९८ साली क्लीव्हलँडमधल्या त्यांच्या लॅबमध्ये उंदरांचे पॉलिकार्बोनेटचे पिंजरे कुणीतरी चुकून फरशीच्या जहाल डिटर्जंटने धुतले. प्लास्टिक झिजलं, ते ज्यापासून बनतं ते बिस्फेनॉल-ए सुटलं. कंट्रोल माद्यांच्या अंडपेशींत गुणसूत्रं विभाजनाआधी मधोमध रांगेत येईनाशी झाली. असा बिघाड एरवी एक-दोन टक्के पेशींत दिसे, तो चाळीस टक्क्यांवर गेला. हंट यांचं मोठेपण पुढे आहे. ‘पिंजऱ्यामुळे झालं’ म्हणून त्या थांबल्या नाहीत. पिंजरे मुद्दाम तसेच खराब करून पाहिले, बिस्फेनॉल-ए मोजून पाजलं, आणि बिघाड पुन्हा दिसल्यावर २००३ मध्ये लिहिलं.

तू मीडियापासून, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढतात त्यापासून, सुरू कर. त्याला गुलाबी रंग देणाऱ्या फेनॉल रेडमधूनही इस्ट्रोजेनसारखा परिणाम होतो, हे १९८६ पासून माहीत आहे. बिनरंगी मीडिया फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आहे. मग ट्यूब, मग सीरम. एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि लॉट नंबर वहीत लिही, टिश्यू पेपरवर नको.

प्लेट्स इनक्युबेटरमध्येच राहू देत. उद्या दहाला येते, मला त्या बघायच्यात.

तुझी,
मॅडम